कंपू आणि कॅम्प

पेठेतला पुणेकर 'जरा कॅम्पात जाऊन येतो' म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तंबू नसतात. महात्मा गांधी रस्त्यावरची दुकाने आणि कयानीची बिस्किटे असतात. 1817च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजी फौजेने शहराच्या पूर्वेला तळ दिला, तो उठलाच नाही. इंग्रजी शब्दातला तात्पुरतेपणा पुण्याने गाळला आणि विशेषनाम तेवढे ठेवले. जुनी माणसे त्याच भागाला 'लष्कर' म्हणतात. हा शब्द फारसी, म्हणून कोणाला खुपत नाही. 'कॅम्प' मात्र इंग्रजीच्या आक्रमणाचा पुरावा ठरतो.

ही तक्रार करणारे स्वतः 'कंपू' हा शब्द बिनदिक्कत वापरतात. महादजी शिंद्यांनी द बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या. अशा पलटणींना 'कंपू' म्हणत. म्हणजे पुण्यात इंग्रजी छावणी पडण्यापूर्वीच हा शब्द मराठ्यांच्या फौजेत रुळला होता. 'हॉब्सन-जॉब्सन' हा 1886चा कोश त्याचे मूळ इंग्रजीपेक्षा पोर्तुगीजकडे शोधतो, आणि ते मला पटते. शेवटचा 'ऊ' इंग्रजीतून निघत नाही. पोर्तुगीज लोक शब्दाच्या अखेरचा 'ओ' 'उ'सारखा उच्चारतात. 'तंबाखू'चा 'ऊ'ही त्याच वळणाचा. दोन्ही शब्दांचे आजोळ एकच, लॅटिन 'काम्पुस', म्हणजे मोकळे मैदान. 'कॅम्पस' आणि 'चॅम्पियन' ही त्याचीच नातवंडे.

मैदानावरून मैदानातल्या फौजेवर, फौजेवरून गटावर अर्थ सरकणे नवे नाही. आपला 'गोट'ही मूळचा लष्करी तळच; आज 'विरोधकांच्या गोटातून' बातमी येते आणि कोणी दुखावत नाही. 'कंपू'च्या वाट्याला मात्र शिवी आली. 'कंपूशाही', 'कंपूबाज' हे शब्द साहित्यव्यवहारात इतके चालतात, की आपल्या बाजूच्या चौघांना आपण 'मित्रमंडळ' म्हणतो आणि समोरच्या चौघांना 'कंपू'. (दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिकाही याच नजरेने वाचल्या जातात.) 1803मध्ये शिंद्यांच्या कंपूंतले कित्येक युरोपीय अधिकारी इंग्रजांना जाऊन मिळाले, त्यातून ही बदनामी आली असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. 'टोळी'ची अब्रू अशा कोणत्याही फितुरीवाचून गेली आहे.

ग्वाल्हेरला दौलतराव शिंद्यांची फौज स्थिरावली, त्या वस्तीचे नाव 'लश्कर' पडले. त्याच लश्करात 'कंपू' नावाचा एक भाग आहे. तिथे राहणाऱ्याला तुम्ही 'कंपूतला' म्हणालात, तर तो फार तर घराचा पत्ता सांगेल.