मातीचे नवे सोवळे

मातीचे भांडे निसर्गातून येते आणि निसर्गातच विरते, असे हल्ली कलादालनांतून आणि पर्यावरणाच्या व्यासपीठांवरून सांगितले जाते. हे विधान मी गोसीखुर्द परिसरात तपासून पाहतो.

गोसीखुर्दजवळ पवनी आहे. १९६९-७०च्या उत्खननात तेथे बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले, त्यांच्याबरोबर खापरेही निघाली. शतकानुशतके ती मातीत होती. माती झाली नाहीत. साधारण ६०० अंशांच्या पुढे मातीतले बांधलेले पाणी निघून जाते आणि ती पुन्हा मळता येत नाही. पाण्यात विरते ती कच्ची मूर्ती, भाजलेले मडके नव्हे. म्हणजे हा सारा गौरव अर्धसत्यावर उभा आहे.

मग एकदा चहा पिऊन फोडायच्या कुल्हडाचे काय? २००४ साली रेल्वेत तो आणला गेला. कुंभाराला काम मिळावे, याला माझा विरोध नाही. परंतु प्रत्येक कुल्हडामागे खणलेली माती आणि आव्यात जळलेले इंधन असते. शिवाय उष्टे भांडे फोडण्याच्या रीतीमागे विटाळाची कल्पना आहे, निसर्गप्रेम नव्हे. पेशवाईत पुण्याच्या अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके अडकवावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नोंदवले. ते मडकेही मातीचेच होते! म्हणून केवळ माती आहे एवढ्यावर भांड्याला पवित्र ठरवणे मला मान्य नाही.

निकष वेगळे हवेत. आवा किती जळण खातो? उष्णता कोंडून धरणारी भट्टी कुंभाराला परवडते काय? झिलईचे भांडे दोनदा भाजण्याऐवजी एकदाच भाजता येईल काय? फुटक्या खापरांचा चुरा नव्या मातीत मिसळला जातो काय? झिलईत शिसे आहे काय? कोरड्या मातीची धूळ कोणाच्या फुप्फुसात जाते? आणि शेवटी, ही माती व हे पाणी कोणाच्या ताब्यात आहे?

हा शेवटचा प्रश्न येथे टाळताच येत नाही. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन झाले आणि पुढे वैनगंगेकाठची गावे उठली. घर आणि शेत यांचा मोबदला कागदावर मांडता येतो. पण ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, त्याच्या काठावरच्या वहिवाटीचे मोल कोण करणार? नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात उतरते. शहराचे निसर्गप्रेम कलादालनात राहते आणि शहराची घाण खालच्या गावांच्या वाट्याला येते.

भांड्यापाशीच थांबणारा पर्यावरणविचार हे नवे सोवळे आहे. तो आव्यातल्या धुरापर्यंत, नदीच्या पाण्यापर्यंत आणि उठलेल्या गावापर्यंत गेला पाहिजे. तेथवर जाणाऱ्या कलेलाच मी पर्यावरणाची कला म्हणेन.