कंपनीचा लाडका

२६ जानेवारी २०१४ च्या रात्री पिट्सबर्गमध्ये रे मिस्टेरिओची हुर्यो उडवली गेली. कुस्तीच्या धंद्यात मिस्टेरिओइतका अजातशत्रू माणूस शोधून सापडणार नाही. ठेंगणा, मुखवटा घातलेला, दोरांवरून झेपा टाकणारा, पोरासोरांचा जीव की प्राण. त्याचा गुन्हा एवढाच की रॉयल रंबलमध्ये तिसाव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकाला तो बाहेर आला आणि ज्याची सगळे वाट पाहत होते तो डॅनियल ब्रायन आज येणार नाही हे सगळ्या सभागृहाला एकदम कळलं. थोड्या वेळाने बटिस्टा जिंकला. काही वर्षं बाहेर राहून नुकताच परतलेला हा धिप्पाड गडी कुस्ती भरवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या हिशेबात त्या रात्रीचा नायक होता. त्याच्याही वाट्याला तेच आलं. हुर्यो खरं तर पडद्यामागे बसून क्रमांक वाटणाऱ्यांच्या नावाने चालली होती. रिंगमधले मधल्या मधे सापडले.

‘ते सगळं ठरवून असतं रे’ हे वाक्य ऐकतच महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी ही कुस्ती पाहिली. दप्तरात ट्रम्प कार्डांचा गठ्ठा, अंडरटेकर खरंच मेला का यावरच्या पैजा आणि मागून घरातल्या वडीलधाऱ्यांचं हे वाक्य. त्यात गौप्यस्फोट काहीच नव्हता. खुद्द कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सीत सरकारदरबारी सांगून टाकलं होतं की आमचा मामला मनोरंजनाचा आहे, निकाल आधी ठरतो. क्रीडा म्हटलं की सरकारी नियंत्रण मागे लागतं, ते तिला नको होतं. नाटकाला निघालेल्या माणसाला कुणी ‘ते खोटं असतं’ म्हणून अडवत नाही. इथे मात्र ती सूचना आजही फुकट मिळते. खासबागेत किंवा महाराष्ट्र केसरीत भांडण होतं ते पाठ टेकली की नाही यावर. २०२५ साली अहिल्यानगरला ते थेट पंचांच्या अंगावर जाण्यापर्यंत पोचलं. अमेरिकन कुस्तीच्या चाहत्याला पाठ टेकल्याबद्दल शंकाच नसते. ती कुणाची टेकवायची हे कुणी ठरवलं आणि का, यावर तो रात्र रात्र वाद घालतो. हा वाद गेल्या वीसेक वर्षांत इतका फुगला की कलेचा मुख्य विषय तोच होऊन बसला आहे.

एखाद्याला ओळीने जिंकवायचं, माइक हातात द्यायचा, रात्रीच्या शेवटच्या लढतीत उभं करायचं, याला या धंद्यात पुश म्हणतात. पुश कुणाला आणि किती, यावरची तक्रार सहसा नैतिक सुरात होते: अमक्यावर अन्याय झाला, तमका साहेबांचा लाडका आहे. मला ही तक्रार अर्धीच पटते. सगळ्यांना सारखं वाटून दिलं तर या खेळात कुणीच मोठा होत नाही. कुणाला तरी निवडावंच लागतं, आणि निवडणं म्हणजे बाकीच्यांना नाकारणं. प्रश्न पुढचा आहे. निवडलेल्या माणसाला कधी हरू दिलं जातं का? आणि तो हरला तर त्याचं काही बिघडतं का?

हल्क होगनचंच घ्या. जानेवारी १९८४ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला आयर्न शेखला हरवून तो चॅम्पियन झाला आणि पुढची चार वर्षं पट्टा त्याच्याच कमरेला राहिला. यापेक्षा जास्त लाडकोड कुणाचे झाले नसतील. १९८७ मध्ये सिल्व्हरडोमवर त्याने आंद्रे द जायंटला उचलून आपटलं तेव्हा ९३,१७३ लोक हजर होते असं कंपनी सांगते (या आकड्यावर अजूनही भांडणं होतात). तरी पक्षपाताची ओरड फारशी झाली नाही, कारण कंपनीची निवड आणि प्रेक्षकांची निवड तेव्हा एकच होती. आणि पुढे जुलै १९९६ मध्ये, प्रतिस्पर्धी कंपनीत, हाच होगन उलटून खलनायक झाला तेव्हा लोकांनी रिंगमध्ये कागदी पेले नि कचऱ्याचा खच पाडला. त्याचं साठवलेलं सगळं चांगुलपण त्या एका क्षणात खर्च झालं. लाडका घडवायचा तो अशा खर्चासाठी.

जॉन सीनाच्या वेळी ही युती फुटली. २००५ मध्ये तो पहिल्यांदा चॅम्पियन झाला आणि वर्षभरात सभागृहं दुभंगली. बायका-मुलं एका सुरात त्याचा जयजयकार करायची, तरुण पुरुष दुसऱ्या सुरात त्याला नावं ठेवायचे, आणि ही जुगलबंदी पुढे दहा वर्षं चालली. जून २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅमरस्टीन बॉलरूममध्ये सीनाने नेहमीप्रमाणे आपला टी-शर्ट गर्दीत भिरकावला, गर्दीने तो परत फेकला. त्याने पुन्हा टाकला, पुन्हा परत आला. सीना जिंकला तर दंगल करू, असा फलक समोर झळकत होता. कंपनीचीही बाजू खोटी नव्हती. त्याचे टी-शर्ट खपत होते, लहान मुलं त्याच्यासाठी तिकिटं काढायला लावत होती, आणि दुर्धर आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या संस्थेसाठी त्याने साडेसहाशेहून अधिक मुलांना भेटण्याचा विक्रम केला. अशा माणसाला बाजूला करायला कोण धजेल?

पण सीनाच्या काळातलं खरं नुकसान त्या हुर्योत नव्हतं. ते ऑगस्ट २०१० च्या समरस्लॅममध्ये झालं. त्या उन्हाळ्यात नेक्सस नावाची नवख्यांची टोळी आली होती. पहिल्याच रात्री त्यांनी सीनाला बडवलं, रिंगचे दोर सोडवले, निवेदकांचं टेबल मोडलं. कित्येक वर्षांत इतकी ताजी गोष्ट कंपनीत घडली नव्हती. समरस्लॅमला सातविरुद्ध सात अशी लढत ठेवली आणि शेवटी उरला एकटा सीना. टोळीचा म्होरक्या वेड बॅरेटने रिंगभोवतीची गादी बाजूला सारली आणि सीनाचं डोकं उघड्या काँक्रिटवर आपटलं. गोष्ट इथे संपायला हवी होती. सीना उठला, उरलेल्या दोघांना पाहता पाहता बाद केलं आणि जिंकला. त्याच लढतीतले एज आणि ख्रिस जेरिको यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे की निकाल उलटा असावा असं त्यांनी सुचवलं होतं. सीनानेही नंतर चूक मान्य केली. तो त्या रात्री हरला असता तर त्याचं काय जाणार होतं? एक आठवडा. नेक्ससचं मात्र पुढचं सगळं गेलं. मूळच्या आठ नवख्यांपैकी डॅनियल ब्रायन तेवढा शिखराला पोचला, आणि त्याला टोळीतून पहिल्याच आठवड्यात काढलं होतं.

आता रोमन रेन्सकडे येतो, कारण पक्षपाताबद्दलचं माझं मत त्याच्यामुळेच पक्कं झालं. जानेवारी २०१५ मध्ये फिलाडेल्फियात त्याने रंबल जिंकलं तेव्हा त्याचा हात उंचावायला खुद्द द रॉकला आणलं होतं. सभागृह तरी ऐकेना. रॉकच्या चेहऱ्यावरचा गोंधळ आजही पाहण्यासारखा आहे. २०१७ मध्ये अंडरटेकरला हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी रेन्स रिंगमध्ये आला, कित्येक मिनिटं नुसता उभा राहून शिव्या ऐकत राहिला, हे अंगण आता माझं आहे एवढंच बोलला आणि निघून गेला. चार-पाच वर्षं कंपनी हा हसरा, सज्जन नायक लोकांच्या घशाखाली उतरवू पाहत होती आणि लोक तो थुंकून टाकत होते. २०१८ मध्ये रक्ताचा कर्करोग उलटल्याचं त्याने सांगितलं तेव्हा सगळे हेलावले, पण पात्र होतं तिथेच राहिलं.

मग ऑगस्ट २०२० मध्ये तो परतला, शेजारी पॉल हेमन, आणि चुलतभावांना म्हणू लागला की घराण्याचा प्रमुख मी आहे, माझ्यापुढे मान तुकवा. पट्टा त्याच्याकडे १,३१६ दिवस राहिला. लढती मोजक्या, दौरे कमी, मान मात्र सगळ्यांत जास्त. म्हणजे लाड दुपटीने वाढले. तक्रारी कमी झाल्या! कारण आता गोष्टच लाडाची होती. घरातला एक जण सगळं खातो आणि बाकीचे त्याच्या सावलीत कसे खुरटतात, हे दर आठवड्याला डोळ्यांसमोर घडत होतं. चुलतभाऊ जे उसोचा दबलेला राग, कुटुंबात शिरू पाहणाऱ्या सॅमी झेनची केविलवाणी निष्ठा, हे सगळं त्या अन्यायावरच पोसलं गेलं. पक्षपात प्रेक्षकाला मुळात खुपत नसावा. पक्षपात करून वर ‘हा तुमचाच आवडता आहे’ असं त्याला ऐकवलं, की तो पिसाळतो.

तीन वर्षं चाललेल्या गोष्टीला सुरकुत्या पडणारच. फेब्रुवारी २०२३ मध्ये झेन आपल्या गावी, मॉन्ट्रियलमध्ये हरला; दुखलं, पण त्या हारेतून पुढचं काही निघालं, दीड महिन्यात त्याने आणि केविन ओवेन्सने उसो बंधूंचे पट्टे घेतले. एप्रिलमध्ये कोडी ऱ्होड्स रेन्सकडून हरला त्यातून काहीच निघालं नाही. नंतरचं वर्ष नुसतं भरताड होतं, आणि ज्यांनी तेव्हा याला दूरदृष्टी म्हटलं त्यांची मला गंमत वाटते.

चाहत्यांच्या बाजूने सांगितली जाणारी विजयगाथा मात्र मी थोडी जपून ऐकतो. ब्रायनचंच पाहा. एप्रिल २०१२ मध्ये रेसलमेनियात, कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, त्याला १८ सेकंदांत हरवलं. त्याचा ‘येस’चा घोष दुसऱ्या रात्रीपासून गावोगाव दुमदुमू लागला. पिट्सबर्गच्या त्या रात्रीनंतर दहा आठवड्यांनी न्यू ऑर्लिन्सला त्याने एकाच रात्रीत ट्रिपल एच, ऑर्टन आणि बटिस्टा यांना पुरून उरत पट्टा मिळवला. जनतेचा विजय! पण रंबलच्या दुसऱ्याच दिवशी सीएम पंक वैतागून कंपनी सोडून गेला होता, आणि ट्रिपल एचसमोर उभं राहण्यासाठी ठरलेला माणूस तो होता. त्याची रिकामी झालेली जागा ब्रायनला मिळाली. लोकांचा रेटा होताच, पण दार उघडलं ते पंकने.

२०२४ मध्ये रेटा स्वतःच पुरला. फेब्रुवारीत कोडीने रेसलमेनियातली आपली हक्काची जागा रॉकच्या हवाली केली. हा रॉक आदल्याच महिन्यात मालक कंपनीच्या संचालक मंडळावर बसला होता. लाडक्याच्या खुर्चीत आता मालकच. लोक इतके खवळले की आठवड्याच्या आत कोडी परत आला, रॉक खलनायक झाला, आणि एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात कोडी जिंकला. उत्तम झालं. पण तेव्हापासून एक रोग लागला आहे. कंपनीला समजलं की संतापही विकता येतो. आता कुणाला डावललं की निम्मे चाहते चिडतात आणि निम्मे म्हणतात, हेही ठरवलेलंच असणार. २०२५ मध्ये तर लेखकांची खोलीच नेटफ्लिक्सवर मालिका म्हणून आली. कोण कुणाला का निवडतं याचा वेगळा खेळ लावला गेला. प्रेक्षक व्यवस्थापकासारखा बोलायला लागला आहे: रेटिंग किती, टी-शर्ट किती, करार कधी संपतो. दोन माणसं एकमेकांवर का धावून जात आहेत, हे विचारायचं राहूनच जातं.

लोकांच्या दडपणाखाली दिलेलं कंपनी वसूलही करते. २०१९ मध्ये अकरा वर्षं मधल्या फळीत राबलेला कोफी किंगस्टन चॅम्पियन झाला, सभागृह रडलं. ऑक्टोबरमध्ये ब्रॉक लेस्नरने त्याला दहा सेकंदांच्या आत संपवलं, आणि त्या अपमानाचा सूड घ्यायची संधीही कोफीला कधी मिळाली नाही. जिंदर महालचा हिशेब आणखी उघडा. सतत हरणारा हा कॅनडात जन्मलेला पंजाबी मल्ल मे २०१७ मध्ये एकदम चॅम्पियन झाला तेव्हा भारतीय बाजारपेठेकडे बोट दाखवायला कुणाला तर्क लढवावा लागला नाही. नोव्हेंबरमध्ये त्याचा पट्टा गेला. डिसेंबरमध्ये कंपनी दिल्लीला आली, आणि जिथल्या प्रेक्षकांसाठी त्याला मोठं केलं तिथे तो ट्रिपल एचकडून हरला. इथल्या प्रेक्षकाला रंग आणि आडनाव दाखवलं की पुरे, गोष्टीची गरज नाही, असा तो समज होता. आपल्याकडची पोरं तरीही अंडरटेकर आणि सीनाचेच टी-शर्ट घालत राहिली.

नाकारलेल्याची गोष्ट सर्वांत चांगली लिहिली ती जपानने. न्यू जपान कंपनीने तेत्सुया नाइतोला भावी नायक म्हणून उभं केलं, लोकांना तो पटेना. ४ जानेवारी २०१४ च्या टोकियो डोममधल्या कार्यक्रमात ओकादाविरुद्धची त्याची विजेतेपदाची लढत शेवटची असायची होती. कंपनीने चाहत्यांचं मत घेतलं आणि चाहत्यांनी ती खाली ढकलून तानाहाशी-नाकामुरा लढत वर नेली. याहून जाहीर नकार कसा असतो? नाइतो मेक्सिकोला गेला आणि २०१५ मध्ये परतला तो कशाचीच फिकीर नसलेला, पट्टे हवेत भिरकावणारा, कंपनीला आणि लोकांना एकाच नजरेने तुच्छ लेखणारा माणूस होऊन. लोक त्याच्यावर फिदा झाले. २०१८ मध्ये त्याच डोममध्ये तो ओकादाकडून हरला, जानेवारी २०२० मध्ये जिंकला. सहा वर्षं तो नकार कुणी विसरला नाही, लेखकही विसरले नाहीत. अमेरिकन कंपनीला इतकी स्मरणशक्ती क्वचितच परवडते.

सीनाच्या अखेरच्या वर्षातही ती नव्हती. मार्च २०२५ मध्ये टोरोंटोत रॉकच्या इशाऱ्यावर त्याने कोडीवर हात टाकला. वीस वर्षं ज्या खलनायकाची वाट पाहिली तो आला. मग रॉक गायब झाला, रेसलमेनियात फिरकलाही नाही, सीनाने सतरावं विजेतेपद घेतलं आणि उन्हाळा संपायच्या आत काहीच घडलं नसल्यासारखा तो पुन्हा सज्जन झाला. होगनने एका रात्रीत जेवढं खर्च केलं, तेवढं इथे सुटे पैसे मोजावेत तसं वाटून टाकलं.

शेवट मात्र वेगळा झाला. १३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये, कारकिर्दीच्या शेवटच्या लढतीत, कधीही हार मानू नका हे घोषवाक्य छातीवर मिरवणाऱ्या या माणसाने ऑस्ट्रियाच्या गुंथरच्या पकडीत हाताने थाप मारून हार मानली. सभागृह चिडलं, आता पडद्यामागे निकाल ठरवणाऱ्या ट्रिपल एचची यथेच्छ हुर्यो झाली, दुसऱ्या दिवशीपासून हा वारशाचा अपमान आहे वगैरे सुरू झालं. मला त्यात गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत धीट निर्णय दिसला. हरून सीनाचं काही जाणार नव्हतं, हे २०१० सालीही खरं होतं. यावेळी फरक इतकाच की समोरच्याला काहीतरी मिळालं. आता गुंथर जिथे जाईल तिथे त्याच्या नावाने शिमगा होईल, आणि ती हुर्यो कार्यालयाच्या नव्हे, त्याच्याच वाट्याची असेल.