नाके उठले, सीमा राहिली: छत्तीसगडचे धान आणि आयर्लंडचा धडा

जीएसटीच्या प्रकरणात एक विधान तुम्ही नक्की वाचले असेल. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, राज्यांच्या सीमांवरचे कर-नाके उठले आणि देश एक बाजारपेठ झाला. यातील पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी मात्र तपासून घ्यावी लागते. या टिपणात ती आपण धानाच्या उदाहरणावरून तपासू.

नागपूरहून राजनांदगावमार्गे रायपूरला येणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ घ्या. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते, त्यामुळे या मार्गावर राज्याची सीमाच नव्हती. आज ती आहे, पण कर-नाका नाही. तरीही धान खरेदीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, छत्तीसगडचे प्रशासन सीमेवरच्या रस्त्यांवर तपासणी चौक्या उभारते. भरारी पथके धानाच्या गाड्या थांबवून कागदपत्रे पाहतात. कर उठल्यावरही गाडी का थांबते?

कारण भावातील फरक. २०२३-२४ च्या हंगामात साध्या धानाची केंद्राची आधारभूत किंमत क्विंटलला २,१८३ रुपये होती. छत्तीसगडने एकरी २१ क्विंटलपर्यंत ३,१०० रुपये दिले. फरक ९१७ रुपयांचा. शंभर क्विंटलच्या एका गाडीमागे हा फरक ९१,७०० रुपये होतो. हा वरचा पैसा राज्याच्या तिजोरीतून जातो आणि तो राज्यातील शेतकऱ्यासाठी असतो. बाहेरचे धान येऊ नये ही राज्याची चिंता म्हणूनच रास्त आहे. प्रश्न उपायाचा आहे.

आता आयर्लंडकडे वळू. १९२१ मध्ये बेटाची फाळणी झाली आणि १९२३ मध्ये त्या रेषेवर जकात-चौक्या आल्या. दोन्ही बाजूंचे भाव आणि कर वेगळे असल्याने लोणी आणि गुरे यांची चोरटी ने-आण चाले. युरोपीय एकल बाजारामुळे १९९३ पासून जकात-तपासणी संपली. १९९८ च्या शांतता करारानंतर सैनिकी चौक्याही हटल्या. ब्रेक्झिटने पुन्हा दोन नियमावल्या समोरासमोर आणल्या. सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या या सीमेवर दोनशेहून अधिक रस्ते आहेत. तिथे पुन्हा चौक्या बसवणे शांततेला धोका ठरले असते. म्हणून उत्तर आयर्लंड वस्तूंच्या बाबतीत युरोपीय नियमांत राहिला आणि तपासणी ब्रिटनकडून माल उतरतो त्या लार्न, बेलफास्टसारख्या बंदरांवर गेली. जमिनीवरचा व्यापार वाढला. आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयानुसार २०२१ मध्ये उत्तर आयर्लंडमधून होणारी आयात ६५ टक्क्यांनी आणि तिकडची निर्यात ५४ टक्क्यांनी वाढली. यातील काही व्यापार ब्रिटनकडून वळलेला होता, हे मात्र विसरू नका.

या दोन उदाहरणांतून एक नियम हाती येतो. नियम किंवा भाव वेगळे असले की तपासणी कुठे ना कुठे करावीच लागते. ती कुठे करायची, एवढीच निवड धोरणाच्या हातात असते. पाठ्यपुस्तक 'नाका' आणि 'सीमा' यांना एकच समजते, तिथेच ते चुकते.

तुलनेची मर्यादाही लक्षात ठेवा. आयर्लंडमध्ये दोन सार्वभौम सत्ता आहेत आणि मागे हिंसाचाराचा इतिहास आहे. आपल्याकडे एकच संविधान आहे. कलम ३०१ देशभर व्यापार मुक्त असल्याचे सांगते आणि पुढची कलमे सार्वजनिक हितासाठी निर्बंधांना वाव देतात. म्हणून आयर्लंडचा तोडगा उचलून इथे लावता येणार नाही. तिथला प्रश्न मात्र विचारता येतो: तपासणी योग्य जागी होते आहे का?

माझे उत्तर 'नाही' असे आहे. धानाच्या दाण्यावर राज्याचे नाव नसते. बाहेरचे धान विकायचे तर ते सहकारी समितीच्या केंद्रावर कोणा नोंदणीकृत शेतकऱ्याच्या नावावरच चढवावे लागते. ज्याचे पीक एकरी २१ क्विंटलपेक्षा कमी येते, त्याच्या नावावर जागा शिल्लक राहते आणि कोचिया, म्हणजे गावोगाव धान गोळा करणारा लहान व्यापारी, ती जागा भरू शकतो. म्हणजे गळती नोंदवहीत आहे आणि पहारा रस्त्यावर. रस्त्यावरच्या पहाऱ्याचा भार मात्र रीतसर माल नेणाऱ्यावर आणि सीमेपलीकडे शेत असलेल्या शेतकऱ्यावरही पडतो. गिरदावरी, म्हणजे प्रत्यक्ष पीक पाहणी, काटेकोर झाली तर ही शिल्लक जागा कमी होईल.

शेजारी राज्यांनी दुसरे मार्गही घेतले. महाराष्ट्राने आधी क्विंटलमागे ७०० रुपये प्रोत्साहन दिले, पुढे २०२२-२३ पासून ते हेक्टरी केले. हेक्टरी रकमेमुळे बाहेरचे धान आणण्याचा मोह उरत नाही. ओडिशाने २०२४ मध्ये स्वतःच ३,१०० रुपये देऊन फरकच मिटवला. पण दोन्हींची किंमत आहे. भाव जुळवायला तिजोरी मोठी लागते. हेक्टरी मदत ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळते. अधिया किंवा रेगहा पद्धतीने दुसऱ्याची जमीन कसणारा बाहेर राहतो. छत्तीसगडच्या खरेदीतही नोंदणी जमिनीशी जोडलेली असल्याने त्याची अडचण सुटलेली नाही. सीमेच्या चर्चेत हा शेतकरी सहसा दिसत नाही. कोणत्याही धोरणाची परीक्षा घेताना आधी त्याचे काय होते ते पाहा.

स्वाध्याय
१. तुमच्या जिल्ह्यात राज्याच्या सीमेमुळे भाव बदलणारी एक वस्तू शोधा. तिची तपासणी कुठे होते?
२. क्विंटलमागे आणि हेक्टरी मदत यांपैकी कोणती न्याय्य? जमीनमालक आणि कसणारा, दोघांच्या बाजूने लिहा.
३. 'एक देश, एक बाजारपेठ' हे विधान धानाला किती लागू पडते? कारणे द्या.