कवाड नसलेल्या गावातील गोष्ट : प्राथमिक शाळेतील कथारचनेचे शिक्षण

प्राथमिक शाळेच्या मराठी विषयात ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ हा प्रश्न इतका परिचित आहे, की त्यामागे एक कथनसिद्धान्त दडलेला आहे हे सहसा लक्षात येत नाही. कावळा, तहान, मडके, तळाशी पाणी, खडे; मग शीर्षक, मग तात्पर्य. घटना आधीच निवडलेल्या, त्यांचा क्रमही ठरलेला. मुलाने मधल्या जागा क्रियापदांनी भरावयाच्या. यातून मूल वाक्ये जोडण्यास शिकते, यात शंका नाही. परंतु कथा कशामुळे उभी राहते हे शिकते काय?

आरंभ, मध्य आणि शेवट ही त्रयी ॲरिस्टॉटलच्या नावावर सांगितली जाते. विंदा करंदीकरांच्या १९५७च्या अनुवादामुळे मराठी अभ्यासकाला ती घरची झाली आहे. मात्र ॲरिस्टॉटलच्या लेखी मध्य म्हणजे दुसरा परिच्छेद नव्हे. जे आधीच्यातून निघते आणि ज्यातून पुढचे निघते, ते मध्य. शाळेने यातील स्थान ठेवले आणि कार्यकारणाचे बंधन सोडून दिले. तात्पर्याचेही असेच झाले. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक असे तीन घटक स्पष्टपणे वेगळे ठेवलेले आहेत. चक्रधरांनी सांगितलेली गोष्ट एक आणि केसोबासांनी तिचा लावलेला अन्वय दुसरा, हे भान तेराव्या शतकातील त्या रचनेत आहे. आजच्या उत्तरपत्रिकेत तात्पर्य हा गोष्टीचाच शेवटचा अवयव होऊन बसतो.

मराठी मूल शाळेत येते तेव्हा त्याच्याजवळ चिऊ-काऊची गोष्ट असते. शेणाचे घर पावसात वाहून जाते, मेणाचे टिकते. कावळा दाराशी येऊन हाका मारतो आणि चिमणी दर वेळी बाळाचे एक नवे काम पुढे करते. या गोष्टीचा मध्य म्हणजे हा विलंबच होय. तो कितीही लांबवता येतो. झोप न येणाऱ्या मुलासाठी आया तो लांबवतातही. पण गोष्टीतून दार काढून टाकले तर विलंब उरत नाही, आणि विलंब गेला की गोष्टच उरत नाही. पाऊस काढला तरी तसेच. न्हाऊमाखू घालण्याचा एखादा तपशील वगळला, तर मात्र काही बिघडत नाही. रोलाँ बार्थने १९६६ साली कथनातील गाभ्याच्या आणि पूरक घटकांत जो भेद केला, तो तिसरीच्या मुलाला या एका खेळातून कळू शकतो. परिभाषेची गरज नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर येथे हा खेळ वेगळेच वळण घेतो. येथील घरांना परंपरेने चौकट असते, कवाड नसते. चिमणीच्या बंद दाराची गोष्ट ऐकणाऱ्या येथील मुलाजवळ त्या दाराच्या अभावाची आणखी एक गोष्ट असते. तिचाही आरंभ पावसातच होतो. पानसनाळ्याच्या पुरात एक काळी शिळा वाहत येते. गुराखी काठी टोचतात आणि शिळेतून रक्त येते. रात्री एकाला दृष्टान्त होतो. (स्वप्नातील देवदर्शन आणि बोधकथा या दोहोंसाठी मराठीने एकच शब्द वापरावा, हे कथनमीमांसकाने दुर्लक्षिण्यासारखे नाही.) शिळा कोणालाच हलत नाही, नात्याने मामा-भाचे असलेल्या दोघांनी उचलावी, अशी अट येते. छप्पर नको, आकाश हेच छप्पर. गावाची राखण देव करील.

व्लादिमीर प्रॉपच्या १९२८च्या मांडणीत निषेधामागोमाग उल्लंघन येते. येथे अट घातली जाते आणि ती पाळली जाते. उल्लंघन मूळ कथेत नाहीच. ते चोरांच्या आख्यायिकांत येते, आणि त्या सांगणाऱ्यागणिक वाढत जातात. कथेची शेवटची क्रिया तर कथेबाहेर, उघड्या चौकटींतून घडत राहते. २०११ साली यूको बँकेने येथे उघडलेली शाखा ‘कुलूप नसलेली’ म्हणून गाजली, तीही या अर्थाने त्याच कथेचे पुढचे वाक्य ठरते. अशा कथेला मुद्द्यांच्या यादीत बसवायचे झाले तर शेवट कोठे लिहावा?

शाळा ही कथा एक तर अंधश्रद्धा म्हणून दाराबाहेर ठेवते किंवा महात्म्य म्हणून हात जोडून सांगते. दोन्ही मार्गांनी तिची रचना अस्पर्शितच राहते. ही घटना खरी आहे का, हा प्रश्न सात वर्षांच्या मुलाला त्याच्या घराशी भांडायला लावतो. ही घटना गोष्टीत कशासाठी आहे, हा प्रश्न तसे करीत नाही. पण तो निरुपद्रवीही नाही. चौथऱ्यावर स्त्रियांनी चढू नये हा निर्बंध एप्रिल २०१६ पर्यंत येथे पाळला जात होता. उच्च न्यायालयाच्या भूमिकेनंतर त्या महिन्यात, गुढीपाडव्याला, तो उठला. सर्वत्र सांगितल्या जाणाऱ्या कथेत मामा-भाच्यांची अट आहे, छपराची आहे. स्त्रियांविषयीची अट नाही. वगळून पाहण्याची सवय असलेल्या मुलीला हे कोणी समजावून सांगावे लागले नसते. तो निर्बंध कथेतून काढण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तो कथेत नव्हताच.

तरीही ही कसोटी सर्वस्वी पुरी पडते, असे मानणे घाईचे होईल. शिळेतून आलेले रक्त वगळून पाहावे. पूर, दृष्टान्त, अट आणि राखणीचे वचन ही साखळी अखंड राहते; कार्याच्या हिशेबात रक्त जवळजवळ पूरकच ठरते. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र सर्वांत आधी तेच रुजते. संरचनावादाला या वजनाचा हिशेब कधीच नीट लागला नाही. शिवाय वर्गातील मूल बहुधा शिळेविषयी विचारणारही नाही. ते काठी टोचणाऱ्या गुराख्याविषयी विचारील : त्याचे पुढे काय झाले? प्रचलित कथा त्याला तेथेच, नाल्याच्या काठी सोडून देते.