हरवलेले की टाकलेले?

लूकच्या शुभवर्तमानातील पंधरावा अध्याय म्हणजे ख्रिस्ती धर्माचा गाभा, असे प्रवचनांतून वारंवार सांगितले जाते. हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे आणि उधळ्या पुत्र या तीन गोष्टी त्यात ओळीने येतात. तिन्हींचे तात्पर्य एकच काढले जाते : जो हरवला त्याला देव शोधतो आणि तो सापडला की स्वर्गात आनंद होतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे मांडले. पुढे त्या मुलखातील ज्या महार-मांग कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पिढ्या याच गोष्टी ऐकत वाढल्या. म्हणून या गोष्टी आपल्याही समीक्षेचा विषय आहेत. प्रश्न असा, की या गोष्टींतला ‘हरवलेला’ आणि गावकुसाबाहेरचा माणूस हे एकच आहेत काय?

आधी प्रसंग पाहू. येशूभोवती जकातदार आणि पापी ठरवलेली माणसे जमली आहेत. हा असल्यांबरोबर जेवतो, अशी परूशी आणि शास्त्री कुरकुर करीत आहेत. म्हणजे भांडण पंक्तीचे आहे. या तिन्ही गोष्टी पंक्तीवर आक्षेप घेणाऱ्यांना दिलेले उत्तर आहेत. रोटीबंदी भोगलेल्या समाजाला हे समजावून सांगावे लागत नाही. पण प्रवचनात ही चौकट गळून पडते, आणि उरतो फक्त एकट्या माणसाचा पश्चात्ताप. सामाजिक प्रश्नाचा वैयक्तिक प्रश्न करून टाकण्याची ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे.

तीन गोष्टींतले हरवणेही एकसारखे नाही. मेंढरू वाट चुकते. मुलगा स्वतःच्या मर्जीने वाटणी मागून घर सोडतो. नाण्याचा मात्र काहीच दोष नाही. ते घरातल्या घरातच पडले, आणि ज्याच्या हातून पडले तोच जबाबदार. नाण्याने पश्चात्ताप करावा असे कोणी म्हणत नाही. अंधारात पडले म्हणून त्याचे मोलही कमी झालेले नाही. ते शोधायला बाई दिवा लावते आणि घर झाडते. देवाच्या प्रेमाला इथे उपमा मिळाली आहे ती हाती केरसुणी घेतलेल्या बाईची! ज्या देशात झाडणारा हातच अपवित्र ठरला, तिथे ही उपमा स्फोटक ठरायला हवी होती. आमच्या आईच्या खराट्यावर आमची फी भरली गेली, म्हणून हे आमच्या डोळ्यांत चटकन भरते. पण मेंढपाळाची चित्रे घरोघर लागली. झाडणाऱ्या बाईचे चित्र आम्ही कुठे लावलेले पाहिले नाही.

तरीही नाण्याची उपमा आपल्याला पुरत नाही. नाणे चुकून पडले. अस्पृश्य माणूस चुकून बाहेर पडला नव्हता. त्याला ठरवून बाहेर ठेवला होता. मेलेले ढोर ओढायला, वेठीला, सांगावा घेऊन जायला तो गावाला रोज बरोबर सापडत होता. जो कामापुरता रोज सापडतो त्याला हरवलेला कसे म्हणायचे? तो टाकलेला आहे. हरवलेला म्हटले की दोष त्याच्या पायांकडे जातो, टाकलेला म्हटले की टाकणाऱ्याच्या हाताकडे. बाबासाहेबांनी नेमके हेच हेरले होते. १९८९ साली इंग्रजी समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आलेल्या त्यांच्या लेखनात ते दाखवून देतात की, हिंदू असताना अस्पृश्याला त्याची अधोगती कर्माने झाली असे सांगितले जाई, आणि ख्रिस्ती झाल्यावर पूर्वजाच्या पापाने झाली असे. परिस्थितीला दोन्हीकडे अभय!

आता मुलाची गोष्ट. डुकरे राखणारा हा मुलगा, मला एक मोलकरी म्हणून ठेवा, असे वाक्य मनात जुळवून घरी येतो. पण बाप धावत येऊन गळ्यात पडतो आणि ते वाक्य मुलाच्या तोंडून निघतच नाही. लगेच झगा, अंगठी आणि पायात जोडा. वरच्या आळीतून वहाणा हातात घेऊन चालावे लागलेल्यांना त्या जोड्याचा अर्थ विचारावा. याच्याशेजारी ‘सद्धर्मपुंडरीक’ या महायान ग्रंथातील हरवलेल्या मुलाची गोष्ट ठेवून पाहावी. तिथे श्रीमंत बाप भेदरलेल्या मुलाला प्रथम उकिरडा उपसायला लावतो, आणि वीस वर्षांनी वारस म्हणून जाहीर करतो. ती उपायकौशल्याची गोष्ट आहे हे मान्य. पण ज्यांच्या पिढ्या उकिरडे उपसण्यात गेल्या त्यांना ती वीस वर्षे बोचतात. आपल्या परंपरेतली म्हणून ही बोच लपवण्याचे कारण नाही.

खरा कळीचा माणूस थोरला भाऊ. तो घरातलाच, पण आत यायला तयार नाही. तो शेवटी आत आला की नाही, हे गोष्ट सांगत नाही. तिरुचिरापल्लीच्या ख्रिस्ती कब्रस्तानात दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत उठली, ती याच थोरल्या भावाची. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने वाचावीत. नवरा ख्रिस्ती झाला तरी बाईंचे सोवळे सुटले नव्हते. जात देवाने केलेली नाही हे उमगले तेव्हा ते सुटले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधी पंक्ती, मग बाप्तिस्मा, हा क्रम महत्त्वाचा आहे.

राज्यसंस्थाही थोरल्या भावासारखीच वागली. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश हिंदूंपुरता होता. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलितासाठी २०२२ साली आयोग नेमला गेला. चर्चमध्ये तो दलित, कचेरीत मात्र नुसता ख्रिस्ती! अरविंद निर्मळ यांनी दलित ईश्वरशास्त्र मांडताना ख्रिस्तालाच दलित म्हटले, ते या कोंडीतूनच.

आपण बौद्ध. शोधत येणारा देव आपण मानीत नाही आणि आपल्याला कोणी शोधावे अशी आपली मागणीही नाही. पण जे आपले भाऊबंद या गोष्टींवर जगले, त्यांनी त्या टाकून द्याव्यात असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी त्या पुऱ्या वाचाव्यात, परूश्यांच्या कुरकुरीसकट आणि थोरल्या भावासकट. देव प्रेम करतो की नाही हा वाद ज्याचा त्याने करावा. पंक्तीला कोण बसले आणि भिंत कोणी पाडली, हे मात्र आपल्या सर्वांना मोजता येते. प्रेमाचा हिशेब तिथेच मागितला पाहिजे.