मिलचा उंबरठा

जॉन स्टुअर्ट मिलचे ‘ऑन लिबर्टी’ मी प्रथम वाचले ते एका निवृत्त हेडमास्तरांच्या कपाटातून आणून, शब्दकोश शेजारी ठेवून. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. मिलचे एखादे लांबलचक वाक्य उलगडायला कधी कधी अख्खी संध्याकाळ जाई. पण सावकाश वाचण्याचा एक फायदा असतो. विद्वान मंडळी ज्या ओळीवरून भरधाव पुढे जातात, तेथे आपल्याला ठेच लागते. दिवाळीच्या फराळाबरोबर हे जड खाद्य कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु सणाला चार माणसे एकत्र आली की ‘माझे मी बघेन’ आणि ‘तुझ्याच भल्याचे सांगतो’ हे दोन संवाद हटकून झडतात. मिलचे पुस्तक या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत उभे आहे.

१८५९ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे सूत्र साधे आहे. जाणत्या माणसावर समाजाने किंवा सरकारने सक्ती करावी ती केवळ दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठी. त्याच्या स्वतःच्या हितासाठी नव्हे. त्याला समजवा, विनवा, हवे तर वाद घाला. पण जबरदस्ती नको. मिल एका मोडक्या पुलाचे उदाहरण देतो. पुलावर पाऊल टाकणाऱ्याला सावध करायला वेळच नसेल तर त्याला धरून मागे ओढावे. पण धोका नुसता संभवनीय असेल, तर तो सांगावा आणि त्याला जाऊ द्यावे. आमच्या ओढ्यावरच्या फरशीवरून पावसाळ्यात पाणी वाहू लागले की असा एखादा वीर मोटारसायकल घेऊन निघतोच. “मला पोहता येतं,” असे तो म्हणतो, आणि मिलच्या न्यायाने त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण त्याच्या पाठीशी कमरेला मिठी मारून बसलेल्या सात वर्षांच्या पोराचे काय? त्याला कोणी विचारले आहे?

हा प्रश्न मला फरशीवर सुचला नाही, एका घराच्या ओसरीवर सुचला. सातवीतली एक हुशार मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नाही. मी घरी गेलो. चहा झाला, पिकापाण्याच्या गोष्टी झाल्या आणि मग तिचे वडील शांतपणे म्हणाले, “गुरुजी, शाळेत तुमचं चालतं. उंबऱ्याच्या आत आमचं.” सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीचा २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा मला ठाऊक होता. पण माझ्या डोक्यात त्या दिवसांत ताजा मिल होता. दुसऱ्याच्या घरात हात घालू नये, असे मला वाटले. मी मुकाट्याने उठलो. मुलगी परत आली नाही.

पुढे पुस्तकाचे शेवटचे प्रकरण वाचले आणि मी ओशाळलो. तेथे मिल माझ्या उलट बाजूला उभा होता. नवऱ्याची बायकोवर जवळजवळ अनियंत्रित सत्ता चालते, हे तो स्पष्ट लिहितो. मुलांच्या बाबतीत तर लोक असे वागतात, जणू मूल हा बापाच्या देहाचाच एखादा अवयव आहे, असा त्याचा आरोप आहे. प्रत्येक मुलाला शिक्षण मिळेल अशी सक्ती सरकारने आईबापांवर करावी आणि गरिबांच्या फीला हातभार लावावा, असे तो सांगतो. मात्र सगळे शिक्षण सरकारच्याच मुठीत नको, कारण मग सारी माणसे एका साच्यातून निघतील. (महिन्याकाठी माहितीचे जे तक्ते आम्ही भरतो, ते आठवून या वाक्याला मी मनातल्या मनात टाळी दिली.) म्हणजे मिलचे स्वातंत्र्य घराच्या उंबरठ्याशी थांबत नाही, ते आत शिरून कोपऱ्यात बसलेल्या माणसाची चौकशी करते.

त्याच्यामागून आलेल्या व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांना ही चौकशी मानवली नाही. हर्बर्ट स्पेन्सरने १८८४ साली ‘द मॅन व्हर्सस द स्टेट’ लिहून सक्तीच्या शिक्षणावर आणि लोकांच्या करातून चालणाऱ्या वाचनालयांवरही हत्यार उपसले. पुढे १९७४ साली अमेरिकेत रॉबर्ट नोझिकने सरकारचे काम आखून दिले: मारहाण, चोरी, फसवणूक यांपासून संरक्षण करावे आणि करार पाळले जातील हे पाहावे; बाकी काही करू नये. गावच्या रामोशासारखे सरकार! चित्र सुटसुटीत आहे आणि सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही आवडेल असे आहे. पण करार कोणी केला आणि कोणाच्या वतीने केला?

येथे मला रखमाबाई आठवतात. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून दिले गेले. त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या. १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी याने बायकोने नांदायला यावे म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. ‘सरकारने घरात पडू नये’ म्हणणाऱ्यांनी हे नीट पाहावे. सरकार त्या घरात केव्हाच शिरलेले होते. नवऱ्याच्या बाजूने, तुरुंगाची किल्ली घेऊन. बरे, हा दावा आपल्या धर्मशास्त्रातलाही नव्हता. तो इंग्लंडच्या धर्मपीठांच्या न्यायालयांतून इकडे आला. आणि दादाजीने दावा लावला त्याच १८८४ साली इंग्लंडने अशा हुकमासाठी तुरुंगात टाकणे बंद केले होते! अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेला व राजकोटला त्यांनी हजारो बायकांना तपासले असेल.

आपल्याकडे मिल आणि स्पेन्सर दोघेही मन लावून वाचलेला माणूस म्हणजे आगरकर. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेणारा कायदा आला तेव्हा परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, असे टिळक म्हणाले. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. टिळकांची शंका मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या सरकारला आपण निवडले नाही त्याला माजघरात बोलावणे धोक्याचेच. पण आगरकरांना स्पेन्सरपेक्षा मिल अधिक खोल कळला होता, असे माझे मत आहे. रूढीची सक्तीही सक्तीच, हे त्यांनी त्याच्याकडून घेतले.

मग मिल निर्दोष? छे! आपले सूत्र लहान मुलांना लागू नाही असे सांगून तो लगेच पुढे म्हणतो की मागासलेल्या समाजांनाही ते लागू नाही. त्यांच्यासाठी एकतंत्री राज्य चालेल, त्यांची सुधारणा हा हेतू असला म्हणजे झाले. कायद्याच्या भाषेत ज्याला ‘अज्ञान’ म्हणतात, तसा अख्खा समाज! हे लिहिणारा गृहस्थ १८२३ पासून १८५८ पर्यंत लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत आपल्याच देशाचे खलिते लिहीत होता. इंग्रज बापाच्या घरातला कोपरा त्याला दिसला. पस्तीस वर्षे ज्या टेबलाशी बसला ते टेबल दिसले नाही. ‘तुझ्याच भल्यासाठी’ हे वाक्य त्याने दारातून हाकलले आणि साम्राज्यासाठी खिडकीतून आत घेतले.

नांदायला लावण्याचा तो दावा इंग्लंडने १९७० च्या कायद्याने रद्द केला. आपण तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात ठेवला. आंध्र प्रदेशच्या हायकोर्टाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवले, तर पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. रखमाबाई वारल्या त्या १९५५ सालीच, हा कायदा झाला त्याच वर्षी.

हेडमास्तरांच्या प्रतीत पहिल्या तीन प्रकरणांना पेन्सिलीच्या भरपूर रेघा आहेत. शेवटच्या प्रकरणात एकही नाही. पुस्तक परत करताना बाप आणि मुलांच्या त्या परिच्छेदाला मी एक बारीक रेघ मारली. मग पुस्तक आपले नव्हे हे ध्यानात येऊन रबराने खोडली. नीट खोडली गेली नाही.