बोटांचा स्वभाव

स्वभावाला औषध नाही म्हणतात. पण बोटांच्या स्वभावाला एके काळी औषध निघाले होते आणि ते फ्लॉपीवर मिळत असे!

रोग असा. घरगुती संगणक नवे होते तेव्हा मजकूर लिहायचे-खोडायचे एडिटर उदंड झाले, आणि एकाची तऱ्हा दुसऱ्याला नाही. १९७८ साली वर्डस्टार आला. पुष्कळ कीबोर्डांवर तेव्हा बाणांची बटणेच नसत. म्हणून कंट्रोल दाबून 'ई' दाबले की वर, 'एक्स' दाबले की खाली, 'एस'ने डावीकडे, 'डी'ने उजवीकडे. चारी अक्षरे पतंगाच्या चार टोकांसारखी बसलेली. सारा कारभार डाव्या हाताचा मळ. तिकडे युनिक्सवरच्या व्हीआयने एच, जे, के, एल धरले. कारण तो ज्या टर्मिनलवर लिहिला गेला, त्यावर बाण याच अक्षरांवर छापलेले होते.

म्हणजे वेडे कोणीच नव्हते. पंचाईत झाली ती दोन घरांत वावरणाऱ्याची. वर्डस्टारमध्ये कंट्रोल-वाय दाबले की अख्खी ओळ गडप. ईमॅक्समध्ये तेच दाबले की नुकतीच खोडलेली ओळ परत हजर. एकच बटण, इकडे यमदूत, तिकडे सावित्री! हापिसात ईमॅक्स आणि घरी वर्डस्टार असा दुहेरी संसार करणाऱ्याच्या बोटांनी कोणाचे ऐकावे?

मग लोकांनी यंत्रांनाच वळण लावायला घेतले. छोट्या सीपी/एम संगणकांसाठी 'मिन्स' नावाचा एडिटर होता. त्याच्या नावाचाच अर्थ 'हे पूर्ण ईमॅक्स नव्हे'. जाहिरातीच्या जगात इतका प्रामाणिकपणा विरळाच. १९८३ साली टर्बो पास्कल आले. त्याचा एडिटर मुळात वर्डस्टारच्या वळणाचा. आणि ते न रुचल्यास बटणे बदलायला टिन्स्ट नावाचा वेगळा प्रोग्रॅम सोबत. नव्या सुनेला सासरीही माहेरच्या पद्धतीची आमटी करायची मोकळीक! मला विचाराल तर त्या मालातला सर्वांत सुसंस्कृत भाग हाच.

आता दोष सांगतो. अशी मनाजोगती केलेली यंत्रे सारखी होतात ती फक्त मालकापुरती. मावशीच्या स्वयंपाकघरात मोहरीच्या डब्यात हिंग असतो आणि हिंगाच्या डब्यात सुट्टे पैसे. मावशीला काही अडत नाही. पण ती गावाला गेली की घर उपाशी. तसाच शेजारी आपल्या संगणकापाशी बसला की एक ओळ लिहून तीन ओळी पुसतो आणि आपल्याकडे संशयाने पाहतो.

तरीही माझा कौल बदलू देणाऱ्यांनाच. आधी दहाजणांच्या ओळखीचे वळण द्यावे आणि मग अकराव्याला त्याचे त्याला करू द्यावे, हा टर्बोचा रिवाज शहाणपणाचा. पुढे कंपन्या दर नव्या आवृत्तीत बटणे हलवू लागल्या आणि त्याला सुधारणा म्हणू लागल्या. वर्षानुवर्षे बोटांत मुरलेली विद्या एका रात्रीत रद्दीत जाते, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? जॉर्ज आर. आर. मार्टिन या जगप्रसिद्ध कादंबरीकाराने २०१४ साली सांगितले की आपण अजून जुन्या डॉसवर वर्डस्टार ४.० वापरतो. लोक हसले. मला मात्र त्यात हट्टापेक्षा काटकसर दिसली. डोके कथेत गुंतलेले असताना बोटांनी पत्ता विचारू नये, एवढीच त्यांची मागणी!